पेठेतील तरुण मंडळात वर्षभर चालतील असे हाताने करायचे प्रकल्प कोणते?

प्रश्न : नदीकाठचा

नमस्कार. आमचे तरुण मंडळ पुण्याच्या जुन्या पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि त्याआधीचा ढोल-ताशाचा सराव सोडला, तर मंडळाची खोली वर्षभर कुलूपबंद असते आणि तिच्यात कमानींचे सांगाडे, सतरंज्या व मागच्या देखाव्यांचे उरलेसुरले सामान पडून राहते. मंडळातील अनेक कुटुंबे वाडे पाडले गेल्यानंतर कोथरूड, धनकवडी किंवा सिंहगड रस्त्याकडे राहायला गेली असली, तरी त्यांची मुले मंडळाला अजून आपलेच मानतात आणि रविवारी बोलावले तर येतात. १३ ते १८ वयाच्या या मुलामुलींसाठी रविवार सकाळचा नियमित उपक्रम सुरू करावा असे कार्यकारिणीने ठरवले असून त्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

व्याख्याने, प्रश्नमंजूषा आणि निबंध स्पर्धा यांचा अनुभव सर्वांनाच आहे. मुले सौजन्य म्हणून बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. कागदाच्या फुलांसारखी हस्तकला लहान मुलांना आवडते, परंतु सोळा वर्षांच्या मुलासमोर रंगीत कागद आणि डिंक ठेवला तर त्याला तो अपमान वाटतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही मला वाटत नाही. म्हणून ज्यांत खरी हत्यारे वापरावी लागतील, काही आठवडे डोके लावावे लागेल आणि शेवटी उपयोगी पडणारी वस्तू किंवा काम उभे राहील, असे प्रकल्प मी शोधत आहे.

खोली लहान आहे, वीज आहे, शेजारच्या इमारतीची गच्ची वापरायला मिळते. पैसा म्हणाल तर वर्गणीतून उरतो तेवढाच. मुली सुरुवातीला येतात आणि हळूहळू यायच्या थांबतात, हीदेखील अडचण आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : टूलरूम

माझी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत, टूलरूममध्ये (यंत्रांना लागणारी हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात) झाली आणि निवृत्तीनंतर मी मुलांना हत्यारे वापरायला शिकवतो, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले आहे हे धरून वाचावे.

प्रकल्प ठरवण्याआधी हत्यारांची भिंत उभी करावी, अशी माझी पहिली सूचना आहे. प्लायवूडचा एक मोठा तुकडा भिंतीला ठोकून त्यावर करवत, हातोडी, पक्कड, पाने, कानस, पटाशी, गुण्या आणि स्क्रू ड्रायव्हर खिळ्यांना टांगावेत, आणि प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा त्याच्यामागे ठळक रंगाने काढून ठेवावी. कारखान्यांत ही पद्धत सर्रास असते. काम संपल्यावर कोणती जागा रिकामी आहे हे कोणालाही दारातूनच दिसते, हत्यारे हरवत नाहीत आणि मुख्य म्हणजे ‘कोणी घेतले?’ या प्रश्नावरून होणारी भांडणे टळतात. ही भिंत मुलांकडूनच करून घ्यावी, कारण मोजणे, रेषा आखणे, सरळ कापणे आणि खिळा न वाकवता ठोकणे हे सगळे त्या एका कामात येते. हत्यारे नवीच असावीत असे नाही. जुन्या बाजारात चांगल्या पोलादाच्या पटाश्या आणि कानशी मिळतात, फक्त घेताना पात्याला भेग नाही ना आणि मूठ हलत नाही ना, एवढे पाहावे.

त्यानंतरचा पहिला प्रकल्प सायकल. पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या जिन्याखाली गंजत पडलेली एखादी सायकल असते आणि मालकाला ती कोणीतरी नेली तर बरेच वाटते. पंक्चर काढण्यापासून सुरुवात करावी, पण ते नीट काढावे. ट्यूब पाण्याच्या बादलीत दाबून बुडबुड्यांवरून छिद्र शोधायचे, ती जागा काचकागदाने खरबरीत करायची, सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे. मुले घाई करतात ती नेमकी येथे, आणि ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच दोन दिवसांत सुटला की थांबण्याचे कारण त्यांना समजावून सांगावे लागत नाही. टायरच्या आतला काटा शोधण्यासाठी बोट फिरवू देऊ नये. कापसाचा बोळा आतून फिरवावा, काट्याला कापूस अडकतो.

पंक्चरनंतर पुढच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, उघडावा. छर्रे काढून रॉकेलमध्ये धुणे, खराब झालेले बाजूला करणे, ग्रीस भरून कोन (छर्रे जागेवर धरणारा शंकूसारखा नट) पुन्हा बसवणे हे काम एका सकाळचे आहे, परंतु कोन किती आवळायचा हे हातालाच शिकावे लागते. जास्त आवळला तर चाक जड फिरते, सैल राहिला तर डुगडुगते, आणि या दोन्हींच्या मधली जागा सापडल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येते ते पाहण्यासारखे असते. दात्यांचे गणितही येथेच करून घ्यावे : पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळपास अडीच वेळा फिरते. हेच गणित शाळेच्या फळ्यावर कंटाळवाणे होते.

आता मुख्य मुद्दा. तुमचे मंडळ पुण्यातले आहे आणि पुण्याची खासियत असलेला हलता देखावा तुमच्याकडे दरवर्षी लागतो किंवा निदान लागायचा. बहुतेक मंडळे तो आता बाहेरून तयार घेतात. मोठा देखावा बाहेरूनच घ्या, हरकत नाही. पण त्याच्या शेजारी दोन-तीन फूट उंचीचा एक छोटा हलता देखावा मुलांनी स्वतः करावा आणि त्यासाठी जूनपासून तयारी करावी. मोटारगाडीच्या वायपरची जुनी मोटर भंगारात मिळते. ती १२ व्होल्टवर चालते, आतल्या वर्म गिअरमुळे (वेग कमी करणाऱ्या मळसूत्री दातेचक्रामुळे) मिनिटाला साधारण ४० ते ६० फेरेच घेते आणि तिची ताकद चांगली असते. प्लायवूडची गोल चकती कापून तिला मध्यापासून ३ सेंटिमीटर बाजूला भोक पाडले आणि तेथे मोटरचा दांडा बसवला, की चकतीच्या कडेवर टेकलेली पट्टी प्रत्येक फेऱ्यात ६ सेंटिमीटर वरखाली होते. त्या पट्टीवर भालदाराचा हात जोडा, तो मुजरा करू लागेल. चकती गोल न कापता पेरूच्या आकाराची कापली, तर हात बराच वेळ खाली थांबून मग झटक्यात वर जातो. चकतीचा आकार बदलला की हालचालीचा स्वभाव बदलतो, हे एकदा कळले की मुले रात्री वहीत चकत्या काढत बसतात.

वीज १२ व्होल्टची असली तरी मोटर अडकल्यास खूप प्रवाह ओढते आणि तार तापते, म्हणून बॅटरीच्या जवळच फ्यूज घालावा. २३० व्होल्टच्या बाजूला मुलांना हात लावू देऊ नये.

उत्तर : सावली

टूलरूम यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु सगळ्याच मुलांचा ओढा यंत्रांकडे नसतो. आपल्याकडे गच्ची आहे, म्हणून अगदी कमी खर्चाचा, मात्र पूर्ण वर्ष मागणारा एक प्रकल्प सुचवते.

गच्चीवर ऊन अडणार नाही अशा जागी बरोबर १ मीटर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ उभी करावी. मातीने भरलेल्या डब्यात सिमेंट ओतून ती पक्की बसवता येते, मात्र डबा वर्षभर तसूभरही हलता कामा नये. दर रविवारी घड्याळात बरोबर साडेबारा वाजता सावलीच्या टोकावर ऑइलपेंटचा ठिपका द्यावा आणि शेजारी तारीख लिहावी. एवढेच काम. पहिले दोन महिने मुलांना त्यात विशेष काही दिसत नाही, म्हणून ठिपका देण्याची पाळी लावून ठेवावी आणि बाकीच्यांनी दुसरे काम करावे.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सावली उत्तरेकडे सुमारे ९० सेंटिमीटर पडते. २१ मार्चच्या सुमारास ती ३३ सेंटिमीटरवर येते. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस वर्तमानपत्रांमुळे आता पुष्कळांना माहीत असतो. त्यानंतरची गोष्ट मात्र फार थोड्यांच्या लक्षात आलेली असते : जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती दक्षिणेला जेमतेम ९ सेंटिमीटर असते, आणि ढगांमधून ऊन सापडले तरच ती दिसते. पावसाळ्यातले ठिपके सुटतील, ते सुटू द्यावेत. अंदाजाने देऊ नयेत. रिकामी जागा हीदेखील नोंद आहे, हे मुलांना एकदा पटले पाहिजे.

वर्षाच्या शेवटी हे ठिपके सरळ रेषेत येत नाहीत, त्यांचा इंग्रजी आठच्या अंकासारखा लांबट आकार होतो. याचे कारण शोधणे हा प्रकल्पाचा दुसरा भाग. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला असल्याने आपली खरी दुपार सरासरीने ३४-३५ मिनिटे उशिरा होते. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि अक्ष कललेला आहे, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे तर कधी मागे राहतो. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यास पुण्यातील खरी दुपार १२ वाजून ४९ मिनिटांच्या आसपास होते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांनीच होऊन जाते. ही माहिती आधी सांगू नये. ठिपके बाजूला का सरकतात, असे मुलांनी विचारेपर्यंत वाट पाहावी.

याच गच्चीवर पर्जन्यमापकही ठेवता येईल. सरळ बाजूंच्या प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा बसवावा, तळाचा खोलगट भाग खडी आणि पाण्याने भरून घ्यावा आणि त्या पातळीवर शून्य लिहावे. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठलाच नोंद घेतली, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील शिवाजीनगरच्या आकड्याशी ताडून पाहता येते. मुले कोथरूडला आणि धनकवडीला राहतात ही आपल्याला अडचण वाटते, पण या कामासाठी तो फायदाच आहे. प्रत्येकाने आपापल्या गच्चीवर बाटली ठेवली, तर एकाच दिवशी शहराच्या दोन टोकांना पडलेल्या पावसात किती अंतर असते हे तक्त्यावर मांडता येईल. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. यावरून इमारतीच्या गच्चीवर पडलेले पाणी किती टँकर भरेल हा हिशेब मुले आपणहून करतात आणि तो घेऊन सोसायटीच्या सभेलाही जातात.

मदतीसाठी पुण्यात ठिकाणांची वानवा नाही. विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका हे मुलांसाठीचे विज्ञान केंद्र आहे. १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांची जुनी संस्था आहे. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली वैज्ञानिक खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. त्यांतली सायकलच्या व्हॉल्व ट्यूब आणि आगकाड्यांची रचना दिसायला लहान मुलांची वाटते, पण चौकोन दाबला की वाकतो आणि त्रिकोण वाकत नाही हे हातात कळल्यावर आपल्या मंडपाच्या बांबूंना तिरके बांबू का बांधतात, ते कोणाला विचारावे लागत नाही.

उत्तर : उसवण

मुली का थांबतात, या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मंडळाच्या खोलीत किंवा जवळपास वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे का? नसेल, तर तीन तासांच्या उपक्रमाला तेरा-चौदा वर्षांच्या मुली काही आठवडे येतील आणि नंतर कारण न सांगता थांबतील. शेजारच्या एखाद्या कुटुंबाशी बोलून ही सोय आधी करावी. दुसरे, शिकवणाऱ्यांत निदान एक बाई असावी, आणि ती चहा-पोह्यांची व्यवस्था पाहणारी नसावी. तिसरे, मुलींकडे रांगोळी आणि मुलांकडे हातोडी अशी वाटणी कोणी मुद्दाम करत नाही, ती आपोआप होते; म्हणून ती होणार नाही हे मुद्दाम पाहावे लागते. पहिल्या रविवारी सर्वांनी शिवावे, दुसऱ्या रविवारी सर्वांनी करवत चालवावी.

शिवण्यासाठी तुमच्याकडे फार चांगले निमित्त आहे. ढोल वर्षभर धूळ खात असतील आणि सरावाच्या काळात भर पावसात भिजत असतील. त्यांच्यासाठी गवसण्या, म्हणजे झाकायच्या खोळी, शिवाव्यात. मागच्या वर्षीचे फ्लेक्स फलक मंडळाच्या माळ्यावर नक्की असतील. बाहेरून फ्लेक्स आणि आतून जुन्या चादरीचे अस्तर असे केले की पाणी आत जात नाही. गोल तळ आणि उभी भिंत जोडायची म्हणजे परीघ काढावा लागतो, शिलाईसाठी दीड सेंटिमीटर सोडावे लागते, आणि जो हे विसरतो त्याची गवसणी ढोलावर चढत नाही. पायमशीनवर १८ नंबरची सुई लावावी आणि टाका मोठा ठेवावा, कारण बारीक टाक्याने फ्लेक्सला भोकांची रांग पडते आणि ते तिकिटासारखे फाटते.

ते पायमशीन एकदा उघडून दाखवावे. टूलरूम यांच्या देखाव्यात गोल फिरणारी मोटर पट्टीला वरखाली करते. पायमशीनमध्ये वरखाली होणारी पायपट्टी चाकाला गोल फिरवते, आणि मशीनच्या डोक्यात ते फिरणे पुन्हा सुईच्या वरखालीत बदलते. जुन्या घरांमध्ये अशी मशीन झाकून ठेवलेली असतात आणि त्यांना तेल पाजण्यापलीकडे फारशी दुरुस्ती लागत नाही.

उत्तर : जुनेपुराणे

मी थोडा वेगळा विचार मांडतो. वस्तू करण्यात गैर काहीच नाही, पण तुमच्या पेठेत दुसरीकडे कुठेही करता येणार नाही असा एक प्रकल्प आहे आणि त्याला मुदत आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. आठवणी सांगू शकतील अशी माणसे अजून आहेत, आणखी काही वर्षांनी नसतील.

मुलांनी ध्वनिमुद्रण करावे हे तर आहेच, पण केवळ तेवढ्यावर थांबले तर ती पुन्हा एक प्रश्नमंजूषा होईल. प्रत्येक मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असावा : पाणी नेमके कुठपर्यंत आले होते? उत्तर बहुधा ‘दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत’ किंवा ‘मारुतीच्या देवळाच्या कळसाखाली’ असे येते. ती जागा अजून उभी असेल तर तेथे खडूची खूण करावी आणि रस्त्यापासूनची उंची टेपने मोजावी. काही इमारतींवर पुराच्या पातळीच्या जुन्या खुणा आहेत, त्याही शोधाव्यात.

खरी मजा त्यानंतर आहे. एका गल्लीतली पातळी दुसऱ्या गल्लीत कशी न्यायची? गवंडी वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्यावी, तिच्यात रंगीत पाणी भरावे, आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये. नळीची दोन्ही टोके उघडी असतील तर दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीवर थांबते, मग मधला रस्ता कितीही चढउताराचा असो. अशा रीतीने टप्प्याटप्प्याने सगळ्या खुणा एका पातळीशी जोडता येतात. मग कोणाची आठवण कितपत जुळते आणि कोणाची दोन हात वर जाते हेही दिसते. वडीलधाऱ्यांना खोटे पाडण्याचा सूर मात्र येता कामा नये. उताराला पाणी वेगळे चढते, लाट वेगळी आणि साठलेले पाणी वेगळे, त्यामुळे दोघांचेही खरे असू शकते. शेवटी पेठेचा मोठ्या मापाचा नकाशा काढून त्यावर निळ्या रंगाची रेषा भरावी आणि तो उत्सवात देखाव्याशेजारी लावावा.

घरमालकाची परवानगी घेतल्याशिवाय भिंतीवर काहीही लिहू नये, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर : बुरूजकर

दिवाळीचा किल्ला राहून गेला. आपल्याकडे माती, विटा आणि पोती यांचा किल्ला करून त्यावर अळीव पेरतात, तो करावाच. मोठ्या मुलांनी मात्र मापाचा किल्ला करून पाहावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे उपलब्ध असतात आणि त्यांवर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. राजगडाचा भाग २५ पट मोठा केला की प्रमाण १:२,००० होते आणि २० मीटरचा प्रत्येक टप्पा बरोबर १ सेंटिमीटर जाडीचा येतो. खोक्यांचे पुठ्ठे दोन-तीन चिकटवून तेवढी जाडी करायची, रेषेप्रमाणे कापायचे, एकावर एक रचायचे. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या व मधला बालेकिल्ला आपोआप उभे राहतात. पूर्ण झाल्यावर मुले म्हणतात, ‘हा एवढा बसका कसा?’ कारण डोळ्याला किल्ला नेहमी खऱ्यापेक्षा उंच वाटतो. मग त्यांना घेऊन गुंजवण्याच्या बाजूने गड चढावा.

नदीकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. स्वच्छतागृहाचा मुद्दा वाचून मी आजच शेजारच्या इमारतीतील एका काकूंशी बोललो आणि त्यांनी आनंदाने होकार दिला. कार्यकारिणीपुढे मी असे मांडणार आहे : आता हत्यारांची भिंत आणि सायकली, त्याबरोबर गच्चीवरची काठी लगेच उभी करायची, जूनपासून एक गट हलत्या देखाव्यावर आणि दुसरा गट गवसण्यांवर. पुराची रेषा हे काम जुनेपुराणे यांनी सांगितल्याप्रमाणे थांबवून चालणार नाही, त्यामुळे मुलाखती लगेच सुरू कराव्यात असे वाटते. किल्ला दिवाळीच्या सुमारास.

दोन शंका उरतात. कार्यकारिणीतील एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की मुलांच्या हातात पटाशी आणि करवत देणे धोक्याचे आहे, कोणाला लागले तर पालकांना काय सांगायचे? आणि दुसरे, दहावी-बारावीची मुले जानेवारीपासून गायब होतात, तेव्हा अर्धवट कामाचे काय करावे?

उत्तर : टूलरूम

ज्येष्ठांची काळजी योग्य आहे आणि तिला नियमांनी उत्तर द्यावे. पटाशी ज्या दिशेला चालते त्या बाजूला दुसरा हात कधीही नसावा, यासाठी लाकूड शिकंज्यात किंवा क्लॅम्पने पकडल्याशिवाय पटाशी हातात द्यायची नाही. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती सटकते. म्हणून धार लावणे हे पहिल्या महिन्यातच शिकवावे. ड्रिल वापरताना, खिळे ठोकताना आणि तार कापताना डोळ्यांवर चष्मा सक्तीचा. ड्रिल चालवताना ओढणी, सैल बाही आणि हातमोजे नकोत, केस बांधलेले असावेत. हँड ग्राइंडर या वयाच्या मुलांना देऊच नये, ते काम मोठ्यांनी करावे. सोल्यूशन, थिनर आणि रॉकेल कुलपात ठेवावे आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवूनच वापरावे. ही सूचना केवळ आगीमुळे करत नाही, वास घेण्याची सवय लागण्याचा धोकाही त्यात आहे आणि त्याविषयी पालकांशी स्पष्ट बोललेले बरे. प्रथमोपचाराची पेटी भिंतीवर हत्यारांच्या शेजारीच असावी, आणि धनुर्वाताची लस कोणी कधी घेतली आहे याची नोंद प्रवेशाच्या कागदावरच घ्यावी. पालकांना पहिल्या रविवारी बोलावून स्वतः करवत चालवायला लावावी. त्यानंतर परवानगीच्या कागदावर सही घेणे सोपे जाते.

परीक्षेच्या मुलांविषयी माझे मत थोडे कठोर आहे. ज्या कामाला चार महिन्यांहून जास्त वेळ लागतो ते कोणा एकाच्या नावावर देऊच नये. प्रत्येक कामाला एक मोठा आणि एक लहान अशी जोडी लावावी. वायपरच्या मोटरची जोडणी, चकत्यांची मापे, कोणता स्क्रू कुठे लागला हे सगळे एका जाड वहीत आकृतीसह लिहावे आणि ती वही खोलीबाहेर जाऊ देऊ नये. मोठा मुलगा जानेवारीत गेला तरी धाकटा वही उघडून पुढे चालवतो. बारावी झाल्यावर तो परत आला तर त्याला शिकवणाऱ्यांत घ्यावे, तेथे माणसे नेहमीच कमी पडतात.

उत्तर : सावली

वरच्यात एक भर. काठीच्या ठिपक्यांची पाळी परीक्षेच्या काळात सातवी-आठवीच्या मुलांकडे द्यावी, कारण त्या कामाला सुट्टी चालत नाही. आणि इमारतीच्या अध्यक्षांना आत्ताच लेखी सांगून ठेवावे की वर्ष संपेपर्यंत गच्चीच्या त्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंग किंवा रंगकाम करू नये, नाहीतर एप्रिलमध्ये कोणीतरी सगळे ठिपके रंगवून टाकेल.